सकाळी लिहिलेली सभा

आमच्या घरात दर रविवारी दुपारी चार वाजता लोकशाही सुरू व्हायची आणि पाचच्या आत संपायची, कारण पाचला म्हशीची धार असायची.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचे. इतिहास मारून शिकवायचे, नागरिकशास्त्र समजावून. आमचं गाव भोकरदन तालुक्यात, पिंपळगाव रेणुकाईहून बरंच आत. तिथे खुर्चीवर बसून लिहिणारा माणूस एकच, तो म्हणजे अण्णा. त्यामुळे ग्रामसभेचं इतिवृत्त लिहायला ग्रामसेवक आमच्याच ओसरीवर यायचा, आणि यायचा तो सभेच्या आदल्या दिवशी. कोण काय बोललं, कुणी सूचना मांडली, कुणी अनुमोदन दिलं, हे दोघं चहा पिता पिता ठरवायचे. मग शिपाई ती वही घेऊन घरोघर सह्यांना जायचा. दुसऱ्या दिवशी माणसं आली तर लिहिलेलं वाचून दाखवायचं. नाही आली तर ‘वाचून दाखवले’ असं त्यात आधीच लिहिलेलं असायचं.

सभा ही इतिवृत्ताची नक्कल असते, असं मला लहानपणी वाटायचं. पुढे राज्यशास्त्रात एम.ए. झाले, तरी हे मत बदलावं असं फारसं काही वाचनात आलं नाही.

हीच पद्धत अण्णांनी घरात आणली. रविवारी जेवणं झाली, थोडं पडून झालं की ओसरीवर टेबल यायचं. त्यावर देवघरातली घंटा. तेवढा एक तास देव बिनघंटेचे बसायचे. अण्णा अध्यक्ष. सभासद चार: आई, माझी थोरली बहीण अक्का, मी आणि धाकटा भाऊ. धाकटा पहिल्या वर्षी चार वर्षांचा होता, पण गणसंख्येत धरला जायचा. बोलायचं तर उभं राहायचं, ‘अध्यक्ष महोदय’ म्हणून सुरुवात करायची आणि पुस्तकातल्या भाषेत बोलायचं. ‘न्हाई’, ‘मंग’, ‘करून राह्यले’ हे सभागृहात चालायचं नाही.

आई चौथी शिकलेली. पहिल्या रविवारी ती उभी राहिली, ‘अध्यक्ष’पर्यंत आली आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघून तिला हसू फुटलं. अण्णांनी घंटा वाजवली. दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच. तिसऱ्या रविवारपासून आई बसूनच मान हलवायला लागली. तिला म्हैस आटल्याबद्दल काहीतरी बोलायचं होतं, एवढं मला आठवतं. म्हैस कुठल्याही इतिवृत्तात नाही.

मी सचिव होते. वय नऊ. या पदासाठी माझ्याकडे एकच पात्रता होती, माझं अक्षर. शाळेत माझी वही इतर वर्गांत फिरवून दाखवायचे. रविवारी सकाळी आंघोळ झाली की अण्णा मला समोर बसवायचे, निळ्या शाईचं पेन द्यायचे आणि दुपारची सभा सांगायला लागायचे. मी लिहायची. ‘सभेस अध्यक्षांनी सुरुवात केली. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. विषय क्रमांक एक.’ शेवटी नेहमी तेच, ‘सर्वानुमते मंजूर.’ खाडाखोड अण्णांना खपायची नाही. खाडाखोड झालेल्या दप्तराला किंमत नसते, म्हणायचे.

पहिल्या वर्षीचा एक विषय कुत्र्याच्या पिल्लाचा होता. शेजारच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली होती. त्यातलं काळं मला पाहिजे होतं. मी रडले, जेवले नाही. अण्णा म्हणाले, “रडून काय होतं? रविवारी विषय मांड.” मला इतका आनंद झाला की शनिवारी मी ‘अध्यक्ष महोदय’ तीस वेळा म्हणून पाहिलं. रविवारी सकाळी अण्णांनी सांगितलं, मी लिहिलं: ‘कुत्रा पाळणे घरास परवडणारे नाही, असे सर्व सभासदांचे मत पडले. सचिवांनीही हे मान्य केले.’ पेन थांबलं होतं माझं. अण्णा म्हणाले, “लिही. जल्दी.” दुपारी चार वाजता मी उभी राहिले आणि ते मान्य केलं.

अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिनं हा कारभार पहिल्याच महिन्यात ओळखला होता. रविवारी सकाळी भांडी घासता घासता ती मला हाक मारायची.

“ए सेक्रेटरी, आज मी काय म्हणणार हाय गं? सांग ना, पाठ करते.”

मी वही बघून सांगायची. “तू म्हणणार, दिवाळीला नवे कपडे नकोत.”

“अस्सं? लई शहाणी हाय की मी!”

आईसुद्धा विचारायची, पण आवाज खाली करून.

“माझं काय लिहिलंस?”

“सौभाग्यवतींनी अनुमोदन दिले.”

“म्हंजी?”

“म्हंजी तू हो म्हणालीस.”

“कधी?”

“चार वाजता.”

“बरं,” आई म्हणायची. “लक्षात ठिवते.”

पाहुणे आले की अण्णा वही काढून दाखवायचे. पाहुणे भारावून जायचे. एका केंद्रप्रमुखांनी तर आमच्या घराला ‘छोटी संसद’ म्हटलं आणि अण्णांनी ते वाक्य पुढच्या इतिवृत्तात घेतलं. आम्हाला मार कधी बसला नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला पाहिजे. त्यांना त्याची गरजच पडायची नाही. मारलेलं मूल निदान मनात नाही म्हणतं. आम्हाला हो म्हणायची सवय होती आणि त्याखाली स्वतःची सही असायची.

निवडणुका आल्या की अण्णा म्हणायचे, “मतदान गुप्त असतं. म्हणून बाहेर चर्चा नको, आपण घरातच ठरवू.” आई आयुष्यभर ठरल्याप्रमाणे मत देऊन आली. पुढे मी पहिल्यांदा मतदान केंद्रात गेले, तेव्हा पुठ्ठ्याच्या आडोशामागे क्षणभर थांबले होते. आता कुणीतरी सांगेल म्हणून.

अक्का वेगळी निघाली. का, ते मला सांगता येत नाही. एकाच घरात, एकाच घंटेखाली वाढलो आम्ही. ती हसायची, एवढा एकच फरक मला दिसतो. मी वही गंभीरपणे घेतली होती.

आमच्याकडे शेतात कापसाच्या बियाण्याचा प्लॉट असायचा. कळीतले केसर नखानं काढायचे, कळीवर खूण बांधायची, दुसऱ्या दिवशी सकाळी नर फूल आणून त्यावर फिरवायचं. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात आणि ते पोरीच करतात, कारण नख बारीक लागतं. अक्काचा हात इतका हलका होता की कंपनीचा माणूस तिच्या ओळीपाशी उभा राहून इतर पोरींना दाखवायचा. हा माणूस जालन्यातल्या ऑफिसातून मोटारसायकलवर यायचा, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि त्याला फूल काढता यायचं नाही. एकदा त्यानं केसराबरोबर अख्खी कळीच मोडली. अक्का म्हणाली, “साहेब, तुम्ही कागदावर करा, बिलकुल बराबर जमंल.” मग मला म्हणाली, “ह्याच्या खुर्चीवर बसायला काय शिकावं लागतं गं?”

तिनं ते शोधून काढलं. भोकरदनला एसटीनं जाऊन बारावी सायन्स केलं आणि परभणीला कृषी पदवीला तिचा नंबर लागला. पत्र आलं तेव्हा तिनं ते पिठाच्या डब्यावर ठेवलं, सगळ्यांना दिसेल असं. त्याच आठवड्यात केदारखेड्याकडच्या एका गावातून तिला स्थळ आलं. बागायती जमीन, एकुलता मुलगा.

त्या रविवारी सकाळी अण्णा नेहमीपेक्षा सावकाश सांगत होते. मी चौदा वर्षांची होते, सगळं समजत होतं. मी लिहिलं:

‘विषय क्रमांक एक. थोरल्या कन्येच्या विवाहाबाबत. सदर स्थळ योग्य असल्याचे सर्वांचे मत पडले. थोरल्या कन्येने स्वतः उभे राहून संमती दर्शविली. पुढील शिक्षण विवाहानंतर घेण्याचे तिने स्वेच्छेने ठरविले. सर्वानुमते मंजूर.’

‘स्वेच्छेने’ हा शब्द मी पहिल्यांदाच लिहीत होते. छान आला.

बाहेर अक्का भांडी घासत होती. तिनं हाक मारली.

“सेक्रेटरी! आज मी काय म्हणणार हाय?”

दरवेळी मी सांगायची. त्या दिवशी दारात उभी राहून म्हणाले, “माहीत न्हाई. अण्णांनी अजून सांगितलं न्हाई.”

ती माझ्याकडे बघत राहिली. राखेचा हात तसाच. माझ्या बोटांना शाई लागली होती, ती तिला दिसत होती. पातेलं उचलून पुन्हा घासायला लागली, घासलेलंच.

मी का नाही सांगितलं? अण्णांची भीती होती, हे उत्तर मी बरीच वर्षं वापरलं. ते खरं नाही. भीती असती तर आधीच्या कुठल्याच रविवारी सांगितलं नसतं. खरं हे की ती उठली असती, भांडली असती आणि माझ्या वहीत खाडाखोड झाली असती. पाच वर्षांच्या वहीत एकही नव्हती.

चार वाजता घंटा झाली. अण्णांनी विषय मांडला. अक्का उभी राहिली. ती पुस्तकी भाषेत बोलली, एकही चूक न करता.

“अध्यक्ष महोदय, माझा विरोध आहे. मला परभणीला शिकायला जायचे आहे. लग्न चार वर्षांनी करावे.”

धाकटा हसला. आईनं त्याचा हात दाबला. अण्णा रागावले नाहीत. ते कधीच रागावत नसत, तेच तर.

“विरोध करण्याचा तुला पूर्ण अधिकार आहे,” ते म्हणाले. “हे घर लोकशाहीवर चालतं. सचिव, या विषयाची नोंद वाचा.”

मी वाचली. ‘स्वेच्छेने’पाशी माझा आवाज जरा हलला असेल, नसेलही.

“यात तर तुझी संमती आहे,” अण्णा म्हणाले.

“अण्णा, ते सकाळी लिहिलंय! मी आत्ता बोलून राह्यले!”

“सभागृहात नीट बोल.”

“मी आत्ता बोलत आहे, अध्यक्ष महोदय.”

“एक तर नोंद खोटी असली पाहिजे, नाही तर तू आता शब्द फिरवते आहेस. नोंद कुणी केली? सचिवांनी. आपण त्यांनाच विचारू.” त्यांनी माझ्याकडे बघितलं, अगदी मायेनं. “बेटा, तू लिहिलंस ते खरं आहे की खोटं?”

अक्का माझ्याकडे बघत नव्हती. टेबलाकडे, वहीकडे बघत होती. तिला बहुतेक कळलं होतं.

“खरं आहे,” मी म्हणाले.

अण्णांनी वही फिरवली. आईनं सही केली. तिला सहीला फार वेळ लागायचा, एकेक अक्षर जोडून. धाकट्यानं ऐटीत केली. मी केली. शेवटी अक्का. तिनं पेन घेतलं, पान डोळ्यांजवळ नेलं, सगळी नोंद सावकाश वाचली आणि सही केली.

“तुझं अक्षर लई चांगलं हाय गं,” ती मला म्हणाली. अण्णांनी घंटा वाजवली. पाचला पाच मिनिटं कमी होती.

परभणीचं पत्र अण्णांनी टाचणीनं त्याच पानाला लावलं आणि वर लिहिलं, ‘परिशिष्ट अ’. प्रवेशाची शेवटची तारीख त्यावर छापलेली होती, ती कुणी काही न बोलता येऊन गेली. लग्न झालं. ‘विवाहानंतर शिक्षण’ हा मुद्दा सासरी अक्कानं एकदाच काढला, तेव्हा सगळे इतके हसले म्हणे की तीही हसली.

दोन वर्षांनी माझा विषय आला. ‘धाकट्या कन्येस जालना येथे शिक्षणास ठेवण्याबाबत.’ मंजूर. त्यात एक वाक्य होतं: ‘थोरली कन्या विवाहामुळे अनुपस्थित, तिची संमती गृहीत धरण्यात आली.’ तेही मीच लिहिलं. मला शिकवलं, कारण माझ्यावर विश्वास होता. घरानं ज्याच्या तोंडून फक्त होकार ऐकला आहे, त्याला बाहेर पाठवायला घर घाबरत नाही.

धाकटा आज ग्रामपंचायत सदस्य आहे. बिनविरोध. त्याच्या घरीही आदल्या दिवशी वही येते. अण्णा गेले तेव्हा त्यांच्या शोकसभेचा ठराव त्यानं आधीच लिहून ठेवला होता, ‘लोकशाहीवादी पित्यास आपण मुकलो’ वगैरे. लिहिला तेव्हा अण्णा अजून दवाखान्यात होते आणि नर्सकडे पाणी मागत होते.

मी जालन्यात प्राध्यापक झाले, आणि व्याख्याती. कुटुंब आणि लोकशाही हा माझा विषय. ‘घर ही लोकशाहीची पहिली शाळा’ असं मी म्हणते, तिथे टाळी येते. जे मूल घरात बोलतं तेच उद्या गावात बोलेल, असं म्हणते, तिथे दुसरी. मग आमच्या रविवारच्या सभेचा किस्सा सांगते. घंटा, बिनघंटेचे देव, आईचं हसू. श्रोते खूष होतात. कुत्र्याच्या पिल्लाचाही किस्सा सांगते. माझ्या व्याख्यानात मी विषय मांडते, चर्चा होते, मतदान होतं आणि एका मतानं मला पिल्लू मिळतं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा चुकून तसं तोंडातून गेलं होतं. टाळी इतकी मोठी आली की मग ते तसंच राहिलं. शाली आता एका कपाटात मावत नाहीत.

गेल्या वर्षी अक्काच्या गावच्या शाळेनं मला बोलावलं. पालक मेळावा होता. जालन्याहून सकाळीच निघाले आणि आधी अक्काकडे गेले. आमचं येणं-जाणं आहे. दिवाळीला, राखीला. त्या रविवारबद्दल ती कधी बोलली नाही आणि न बोलणं हे आमच्या घरात संमतीत जमा होतं.

घरात वाद चालू होता. अक्काची मुलगी, दहावीतली, ओसरीवर लिहीत बसली होती. अक्काचे यजमान उभे.

“गोठ्यातलं झाडून घे म्हणलं ना?”

“मी झाडणार न्हाई, बाबा. काल मी झाडलं. आज तुमची पाळी.”

“बापाला पाळी लावती व्हय?”

“तुम्हीच त गेल्या हप्त्यात हो म्हणाले. आई, बाबा हो म्हणाले का न्हाई?”

“म्हणाले,” अक्का आतून ओरडली. “मी ऐकलंय!”

यजमान पुटपुटत झाडू घेऊन गेले. मला हा प्रकार आवडला नाही. शिस्त म्हणून काही पाहिजे घरात, असं मी मनात म्हणाले, आणि तासाभरानं मला त्याच विषयावर उलटं बोलायचं होतं.

“मावशी,” पोरगी म्हणाली, “बरं झालं तू आलीस. सरांनी मला कार्यक्रमाचा अहवाल शेवटी वाचायला दिलाय. आधीच लिहून आण म्हणाले. तू काय बोलणार हायस ते सांग, लिहून टाकते.”

मी हसले. खरंच हसले. मग खुर्ची ओढून बसले आणि सांगायला लागले. “लिही. ‘प्रमुख पाहुण्यांनी अत्यंत मार्मिक व ओघवत्या शैलीत विचार मांडले.’ मार्मिक ऱ्हस्व. ‘स्वतःच्या बालपणीचे उदाहरण देऊन कुटुंबातील संवादाचे महत्त्व पटवून दिले. उपस्थितांच्या प्रश्नांना समर्पक उत्तरे दिली. सर्वांचे समाधान झाले.’”

“पण प्रश्न कुणी विचारलेच न्हाई त?”

“विचारतात गं. नाही विचारले तरी असं लिहायची पद्धत आहे.”

आत चुलीपाशी अक्काचा हात थांबला असावा. भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो यायचा बंद झाला. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला.

ती बाहेर आली, हाताचं पीठ पुसत. “मी पण येते तुझं भाषण ऐकायला. कधी ऐकलंच न्हाई.”

शाळेच्या मैदानात मंडप होता. पुरुष खुर्च्यांवर, बाया सतरंजीवर. अक्का पुढच्या रांगेत बसली. तिला पाहिल्यावर क्षणभर वाटलं, आज पिल्लाचा किस्सा गाळावा. पण मग टाळी कुठून येणार? मी सगळं नेहमीसारखं सांगितलं. घंटा, देव, आई. आईच्या हसण्याला बाया खळखळून हसल्या. अक्का हसली नाही. पिल्लू मला एका मतानं मिळालं. टाळी आली.

मुख्याध्यापकांनी विचारलं, कुणाला काही प्रश्न? असं विचारून ते आभाराकडे वळणारच होते, तर अक्का उभी राहिली. पदर नीट केला.

“म्याडम, एक इचारायचं व्हतं.”

बहुतेकांना आमचं नातं माहीत होतं. लोक कौतुकानं हसले.

“ते पिल्लू कोणत्या रंगाचं व्हतं?”

“काळं,” मी म्हणाले.

“बराबर.” ती बसली नाही. “अन् आणखी एक. तुमच्या त्या सभेत कुणी न्हाई म्हणलं, त ते लिहायचे का?”

मंडपातला पंखा आवाज करत होता. एक म्हातारी तंबाखू मळत होती, तीसुद्धा थांबून माझ्याकडे बघत होती. अक्काच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला खरोखर उत्तर पाहिजे होतं. इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे एवढीच गोष्ट मागितली होती, आणि तीही सगळ्यांसमोर, मला ‘म्याडम’ म्हणून.

“अर्थात,” मी म्हणाले. “विरोध नोंदवणं हा तर लोकशाहीचा प्राण आहे. आमच्या घरी प्रत्येकाचा विरोध नोंदवला जायचा.”

टाळ्या झाल्या. अक्का म्हणाली, “बरं,” आणि बसली. तिनं ते ‘बरं’ अगदी आईसारखं म्हटलं.

शाल झाली, नारळ झाला. मग अहवाल वाचायला भाची माइकपाशी आली. सकाळचा कागद हातात. ‘मार्मिक’, ‘ओघवत्या’ वाचून झालं. ‘पटवून दिले’ झालं. आणि ती थांबली.

“वाच की पुढं,” मुख्याध्यापक हळूच म्हणाले. माइक चालू होता, सगळ्यांना ऐकू गेलं.

“सर, पुढचं खरं न्हाई.”

“लिहिलंय ना? वाच मग.”

“ते मी सकाळी लिहिलं. मावशीनं सांगितलं म्हणून. आता सभा झाली ना, सर.” तिनं कानामागचं पेन काढलं, कागद माझ्यासमोरच्या टेबलावर ठेवला आणि शेवटच्या दोन ओळींवर आडवी रेघ मारली. पेन इतकं दाबून की टेबलावरचा कपडा हलला. मग वाकून बाजूला काहीतरी लिहिलं, उभी राहिली आणि वाचलं:

“प्रश्न दोन विचारले. एका बाईचं समाधान झालं न्हाई. कारण तिला खोटं उत्तर मिळालं.”

मागे कुणीतरी हसलं. मला कळलं, अक्कानं तो रविवार पोरीला सांगितलेला होता. मुख्याध्यापक म्हणाले, “पोरगी जरा तोंडाळ आहे, मॅडम.” बाया अक्काकडे बघत होत्या, पुरुष माझ्याकडे. मला काहीतरी बोलता आलं असतं. माइक हातभर अंतरावर होता आणि वर्षानुवर्षं मी माइकवरच जगले आहे. पण मला कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

अहवालावर प्रमुख पाहुण्यांची सही घ्यायची तिथे पद्धत होती. मुख्याध्यापक दुसरा कागद शोधायला लागले, स्वच्छ लिहून घेऊ म्हणाले. भाचीनं तोच कागद पुढे सरकवला. अक्षर वाकडंतिकडं, ओळी वर चढलेल्या, मध्ये ती रेघ. मी सही केली. कागद वर घेऊन, सगळं वाचून.

बाहेर आले तर अक्का माझा नारळ घेऊन उभी होती.

“चल, जेवायचं खोळंबलंय. ठेचा केलाय तुझ्यासाठी.”

आम्ही चालायला लागलो. भाची मैत्रिणींबरोबर पुढे निघून गेली होती. अक्का म्हणाली,

“अक्षर लई वाईट हाय ना पोरीचं?”

“सुधारेल,” मी म्हणाले. “वळण लावलं तर.”

“न्हाई सुधारणार. मीच सुधारू दिलं न्हाई. सर म्हणत व्हते, सुलेखनाचा क्लास लावा, माझ्या खर्चानं लावतो. मी म्हणलं, नको.” तिनं नारळ या हातातून त्या हातात घेतला. “चांगल्या अक्षराची पोरगी मी बघितल्याली हाय.”

मग ती पुढे झाली, आणि मी तिच्या मागून जेवायला गेले.